सातवा तुकडा का गळतो?

मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांच्या बालन्यूरॉलॉजी ओपीडीत अधूनमधून एक रिपोर्ट आईवडिलांच्या हातात पडतो. मजकूर पानभर असतो, पण जीव अडकतो दोन ओळींत. ‘एसएमएन१, एक्झॉन ७ : ० प्रती’ आणि तिच्याखाली ‘एसएमएन२, एक्झॉन ७ : ३ प्रती’. शून्य वाचून छातीत धस्स होतं. तीन वाचून काय वाटून घ्यायचं तेच कळत नाही. डॉक्टर समजावून सांगतात, पण बाहेर रांग असते, कडेवर बाळ असतं, आणि त्या गडबडीत ‘एक्झॉन’ हा शब्द डोक्यावरून जातो तो जातोच. त्या दोन ओळी इथे निवांतपणे उलगडून सांगायच्या आहेत. त्यासाठी एका जनुकाची ओळख करून घ्यावी लागेल आणि आपल्या प्रत्येक पेशीत अखंड चाललेल्या एका कामाचीही. त्या कामाचं नाव स्प्लायसिंग.

आधी आजाराबद्दल थोडं. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी, म्हणजे एसएमए. मज्जारज्जूतल्या ज्या चेतापेशी स्नायूंना हालचालीचा निरोप पोचवतात, त्या या आजारात एकेक करून मरतात. निरोप यायचा थांबला की स्नायू रोडावतात. बाळाची बुद्धी शाबूत असते. डोळे चौफेर फिरतात, आई दिसली की ते हसतं, पण मान धरत नाही, पाय उचलत नाही, रडण्यात जोर नसतो. सर्वांत गंभीर प्रकारात सहा महिन्यांच्या आतच हे दिसू लागतं, आणि उपचार नसतील तर अशी बहुतेक बाळं दोन वर्षांच्या आत जातात किंवा कायमची व्हेंटिलेटरवर राहतात. सौम्य प्रकारात मूल चालायला शिकतं आणि पुढे केव्हातरी त्याचे पाय थकू लागतात. जगात साधारण दहा हजार जन्मांमागे एक बाळ हा आजार घेऊन येतं. ऑस्ट्रियाचे गुइडो वेर्डनिग यांनी १८९१ साली आणि जर्मनीचे योहान हॉफमन यांनी त्यानंतर दोन वर्षांनी या आजाराचं वर्णन लिहून ठेवलं. जनुक सापडायला मात्र १९९५ साल उजाडलं. पॅरिसमध्ये ज्युडिथ मेल्की यांच्या गटाने ते पाचव्या गुणसूत्रावर शोधून काढलं. रिपोर्टवरचं एसएमएन१ ते हेच.

आता मूळ मुद्दा. जनुक म्हणजे डीएनएवर चार अक्षरांत लिहिलेला मजकूर. ए, टी, जी आणि सी ही ती अक्षरं. त्या मजकुरावरून प्रथिन बनवायचं असेल तर पेशी आधी त्याची आरएनएमध्ये नक्कल काढते. नकलेत टीच्या जागी यू येतो, एवढाच अक्षरांचा फरक. पण ही पहिली नक्कल जशीच्या तशी कामाला येत नाही, कारण तिच्यात उपयोगाचा मजकूर सलग नसतो. त्याचे छोटे छोटे तुकडे, म्हणजे एक्झॉन, दूरदूर विखुरलेले असतात आणि त्यांच्या मधे लांबच लांब इंट्रॉन पसरलेले असतात. पेशी इंट्रॉन कापून काढते आणि एक्झॉन एकमेकांना जोडते. या कापाजोडीलाच स्प्लायसिंग म्हणतात. तिच्यानंतरच आरएनए केंद्रकाबाहेर जातो आणि प्रथिन बनतं.

कापून काढायचा भाग किती मोठा असतो याचा अंदाज सहसा कुणाला नसतो. स्नायूंमधल्या डिस्ट्रॉफिन या प्रथिनाचं जनुक सुमारे २२ लाख अक्षरांचं आहे. त्यातले ७९ एक्झॉन जोडून जो आरएनए तयार होतो तो जेमतेम १४ हजार अक्षरांचा. बाकी सगळं कापलं जातं. १९७७ पर्यंत ही गोष्ट कुणाला माहीतच नव्हती. जनुक म्हणजे पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सलग मजकूर असंच सगळे धरून चालले होते. त्या वर्षी फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी, सर्दीसारखे आजार करणाऱ्या ॲडेनोव्हायरसवर काम करताना, आरएनए डीएनएशी जुळवून पाहिला. जुळवताना डीएनएचे मोठे मोठे भाग जोडीदाराविना सुटे राहत होते, कारण त्यांच्याशी जुळणारा मजकूर आरएनएत उरलाच नव्हता. १९९३ चं नोबेल या शोधाला मिळालं.

मग कुठे कापायचं हे पेशीला कसं कळतं? इथे मला मोडी आठवते. काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार आहे. तिथल्या रुमालांतला, म्हणजे जुन्या कागदांच्या गाठोड्यांतला, एखादा मोडी कागद पाहिलात तर आधी पानभर आडवी रेघ ओढलेली दिसेल आणि तिच्याखाली अक्षरांना अक्षरं लागून चाललेली दिसतील. शब्दांमधे जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. शब्द कुठे तुटतो हे वाचणाऱ्याने वळणांवरून, ठरलेल्या मायन्यावरून आणि आजूबाजूच्या अक्षरांवरून ओळखायचं. आरएनएची नक्कल अगदी तशीच आहे. एक्झॉन संपून इंट्रॉन सुरू होतो तिथे कसलीही फट नसते, दोन्हीकडे तीच चार अक्षरं. काही खुणा ठरलेल्या आहेत. इंट्रॉन जवळजवळ नेहमीच जीयू या जोडीने सुरू होतो आणि एजी या जोडीने संपतो. पण जीयू आणि एजी तर मजकुरात पावलोपावली येतात. म्हणून त्या जोडीच्या पुढची-मागची अक्षरं बघावी लागतात. कधीकधी एक्झॉनच्या पोटात दडलेली एखादी ओळही ‘मला ठेवा’ किंवा ‘मला सोडा’ असं सुचवत असते. एखादी खूण पुसट झाली की वाचन चुकतं.

याचं मुंबईत सर्वांत जास्त भेटणारं उदाहरण एसएमए नव्हे, थॅलेसेमिया आहे. भारतात बीटा थॅलेसेमिया घडवणाऱ्या बदलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा बदल इंट्रॉनमध्ये आहे, म्हणजे ज्या भागातून प्रथिनाचं एक अक्षरही बनत नाही त्या भागात. बीटा ग्लोबिन हा हिमोग्लोबिनचा एक घटक. त्याच्या जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनमधलं पाचवं अक्षर जी असायला हवं, तिथे सी येतं. सुरुवातीचं जीयू शाबूत असतं, पण शेजार बिघडतो, खूण पुसट होते. मग कापणारी यंत्रणा जवळपासच्या भलत्याच जागा धरते. दोन एक्झॉनच्या आतल्या, एक थोडी पुढची. बरोबर कापलेला आरएनए अगदी थोडा उरतो, हिमोग्लोबिन पुरत नाही, आणि बाळाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय रक्तविकार संस्था आहे. तिथे हे बदल वर्षानुवर्षं तपासले जातात. रिपोर्टवर ‘आयव्हीएस १-५’ असं लिहिलेलं असतं ते हेच. पहिला इंट्रॉन, पाचवं अक्षर.

आता कापणाऱ्या यंत्रणेकडे वळू. तिचं नाव स्प्लायसिओसोम. हे एकच एक प्रथिन नाही. पाच छोटे आरएनए आणि शंभराहून जास्त प्रथिनं दर वेळी नव्याने जमतात, इंट्रॉन कापतात आणि पांगतात. पाच आरएनएंची नावं यू१, यू२, यू४, यू५ आणि यू६. यू१ इंट्रॉनची सुरुवात ओळखतो. त्याची स्वतःची अक्षरं तिथल्या अक्षरांशी जोडी जमवतात. थॅलेसेमियाच्या त्या पाचव्या अक्षराने नेमकी हीच जोडी ढिली होते. यू२ इंट्रॉनच्या शेवटाजवळची एक जागा धरतो. मग बाकीचे येतात, इंट्रॉनची सुरुवात तुटून आतल्या एका ए अक्षराला फासासारखी चिकटते, दोन एक्झॉन जुळतात आणि इंट्रॉनचा फास गळून पडतो. जोडणीत एक अक्षर इकडचं तिकडे होऊन चालत नाही. प्रथिनाचा मजकूर तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो. एक अक्षर सरकलं की पुढचं सगळं वाचन बिघडतं.

हे यू१, यू२ आयते मिळत नाहीत. यू६ सोडला तर प्रत्येकाभोवती आधी सात प्रथिनांचं एक कडं बसवावं लागतं. त्यांना एसएम प्रथिनं म्हणतात. (आपल्या जनुकाचं नाव एसएमएन. नावं सारखी वाटतात, पण ही प्रथिनं वेगळी.) कडं बसलं नाही तर तो छोटा आरएनए नीट टिकत नाही आणि कामालाही लागत नाही. हे कडं बसवून देणं हेच एसएमएन प्रथिनाचं सर्वांत पक्कं ठाऊक असलेलं काम आहे.

एसएमएन हे काम एकटं करत नाही. जेमिन नावाच्या प्रथिनांचा ताफा त्याच्यासोबत असतो. हे काम केंद्रकाबाहेर चालतं. छोटा आरएनए केंद्रकातून बाहेर येतो. जेमिन५ त्याची ओळख पटवतं. जेमिन२ सातांपैकी पाच प्रथिनं धरून तयार ठेवतं. मग उरलेली दोन येतात आणि कडं आरएनएभोवती बंद होतं. तयार झालेला भाग केंद्रकात परत जातो. परीक्षानळीत ही सात प्रथिनं आणि आरएनए नुसते एकत्र केले तरी कडं बसतं, मग एवढा ताफा हवा कशाला, असा प्रश्न पडू शकतो. त्याचं उत्तर गिडिअन ड्रायफस यांच्या प्रयोगशाळेतून मिळालं. ताफा नसेल तर एसएम प्रथिनं समोर येईल त्या आरएनएला चिकटतात. एसएमएनमुळे ती योग्य आरएनएवरच बसतात. म्हणजे एसएमएन स्वतः काही कापत नाही. कापणाऱ्यांची जुळणी नीट व्हावी एवढंच ते बघतं. एवढ्या एका कामावर आपल्या वीसेक हजार जनुकांपैकी बहुतेकांचं वाचन अवलंबून आहे. उंदरांमध्ये एसएमएनचं जनुक पूर्ण काढून टाकलं तर गर्भ अगदी सुरुवातीलाच मरतो. या प्रथिनाशिवाय एकही पेशी जगू शकत नाही.

तर मग रिपोर्टवर ‘एसएमएन१ : ० प्रती’ लिहिलेलं बाळ जन्माला आलं कसं?

कारण माणसाकडे या जनुकाची जवळजवळ हुबेहूब दुसरी प्रत आहे. त्याच पाचव्या गुणसूत्रावर, एसएमएन१च्या शेजारीच. तिचं नाव एसएमएन२. चिंपांझीकडेही ती नाही, ती फक्त माणसात आढळते. काही जणांकडे एसएमएन२च्या दोन प्रती असतात, काहींकडे तीन किंवा चार, तर काहींकडे एकही नसते. ज्याचं एसएमएन१ ठीक आहे त्याला एसएमएन२ किती आहेत याने काही फरक पडत नाही. एसएमएन१ गेलं की मात्र सगळा भार एसएमएन२वर येतो. आणि एसएमएन२ हे काम पूर्ण करू शकत नाही.

का करू शकत नाही हे अगदी जवळून बघण्यासारखं आहे. दोन्ही जनुकांचा सातवा एक्झॉन ५४ अक्षरांचा आहे. एसएमएन१मध्ये त्याची सुरुवात अशी होते: जी जी टी टी टी सी ए जी ए सी. एसएमएन२मध्ये अशी: जी जी टी टी टी टी ए जी ए सी. सहावं अक्षर पाहा. सीच्या जागी टी. मजकुरात ते येतं टीटीसी या त्रिकुटात, आणि टीटीसी काय किंवा टीटीटी काय, दोन्हींचा अर्थ फिनाइलॲलनिन हे एकच अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा तोच एक घटक. प्रथिनाच्या दृष्टीने या बदलाने काहीच बदलत नाही. जुन्या पाठ्यपुस्तकी नजरेने पाहिलं असतं तर ‘निरुपद्रवी’ असा शेरा मारून पुढे गेलो असतो.

बिघडतं ते स्प्लायसिंग. एसएमएन१मध्ये त्या जागेजवळ एसआरएसएफ१ नावाचं प्रथिन बसतं आणि हा एक्झॉन ठेवा असं यंत्रणेला सुचवतं. सीचा टी झाल्यावर ते तिथे नीट बसत नाही. उलट, एक्झॉन वगळायला लावणाऱ्या एचएनआरएनपी ए१ या दुसऱ्या प्रथिनाला तिथे थारा मिळतो. परिणाम असा की एसएमएन२च्या बहुतेक नकलांमध्ये सहावा एक्झॉन थेट आठव्याला जोडला जातो आणि सातवा गळतो. सातव्याविना बनलेलं प्रथिन शेपूट तुटल्यासारखं असतं. एसएमएनच्या रेणूंनी एकमेकांशी जुळून राहण्यासाठी जो भाग लागतो तोच त्यात अधुरा असतो. पेशी अशा प्रथिनाचा पटकन निचरा करून टाकते. एसएमएन२ची एक प्रत साधारण दहा टक्क्यांच्या आसपासच पूर्ण प्रथिन देते.

म्हणजे रिपोर्टच्या दोन ओळींचा अर्थ असा. शून्य म्हणजे मुख्य जनुकाचा सातवा एक्झॉन आईकडून आलेल्या आणि वडिलांकडून आलेल्या, अशा दोन्ही गुणसूत्रांवर नाही. सुमारे ९५ टक्के रुग्णांमध्ये हेच आढळतं. तीन म्हणजे थोडं थोडं प्रथिन देणाऱ्या तीन प्रती आहेत. दोन प्रती असलेल्या बाळांना बहुधा गंभीर प्रकार होतो. तीन असतील तर बरीच मुलं बसायला शिकतात, काही चालतातही. चार असतील तर आजार सहसा उशिरा आणि सौम्य येतो. हे ‘बहुधा’ मी मुद्दाम लिहितो आहे. प्रतींच्या आकड्यावरून एखाद्या बाळाचं पुढचं आयुष्य वर्तवणं चुकीचं आहे. एसएमएन२मध्ये कधीकधी आणखी एखादं अक्षर वेगळं असतं आणि त्याने सातवा एक्झॉन जास्त वेळा टिकतो. अशा बाळाची तब्येत आकड्याच्या मानाने बरी राहते. नातेवाइकांनी इंटरनेटवरचा तक्ता काढून ‘दोन म्हणजे टाइप वन’, म्हणजे सर्वांत गंभीर प्रकार, असा निकाल लावू नये. उपचार मिळत असतील तर तो तक्ताच बदलतो.

स्प्लायसिंग प्रत्येक पेशीला लागतं, तर मग मरतात त्या मज्जारज्जूतल्या चेतापेशीच का, हा प्रश्न संशोधकांना तीस वर्षं छळतो आहे. एक मत असं की एसएमएन कमी पडल्यावर सगळ्या जनुकांचं वाचन सारखं बिघडत नाही. काही ठरावीक जनुकं जास्त मार खातात आणि चेतापेशींचं काम नेमकं त्यांच्यावर चालतं. दुसरं मत असं की एसएमएनचं आणखी एक काम आहे, आरएनए चेतापेशीच्या लांबलचक तंतूंमधून टोकापर्यंत पोचवायचं, आणि खरी अडचण तिथे होते. दोन्हींच्या बाजूने पुरावे आहेत. एक गोष्ट मात्र प्रयोगांत दिसली आहे. एसएमएन कमी झालं की एसएमएन२च्या सातव्या एक्झॉनची गळती आणखी वाढते. कमतरतेतून आणखी कमतरता असं हे चक्र आहे. त्यामुळे उपचाराविना गेलेला प्रत्येक आठवडा महाग पडतो.

आता या सगळ्यातली आशेची बाजू. एसएमएन२मधला प्रथिनाचा मजकूर शाबूत आहे. चुकतं ते फक्त कापणं. आणि कापणं दुरुस्त करता येतं. मजकूर नष्ट झालेल्या आजारांत अशी सोय नसते.

२००६ साली अमेरिकेत रवींद्र सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातव्या एक्झॉनच्या पुढच्या इंट्रॉनमध्ये, सुरुवातीपासून फक्त नऊ अक्षरं सोडून, १५ अक्षरांची एक ओळ शोधली. ती ओळ तिथे असल्यामुळे सातवा एक्झॉन वगळला जातो. ती काढून टाकली की एसएमएन२मध्येही सातवा एक्झॉन टिकतो. मग उपाय सुचला तो असा. डीएनएला हात लावायचा नाही. त्या ओळीशी अक्षराला अक्षर जुळेल असा एक छोटा कृत्रिम तुकडा बनवायचा. तो तिथे चिकटला की ओळ झाकली जाते, वगळायला लावणाऱ्या प्रथिनाला बसायला जागा उरत नाही, आणि सातवा एक्झॉन आरएनएत राहतो. कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेतले एड्रियन क्रेनर आणि औषधनिर्मितीतले फ्रँक बेनेट यांनी हे औषध घडवलं. त्यात अक्षरं १८. नाव नुसिनरसेन. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. एसएमएवरचं जगातलं ते पहिलं औषध. ते रक्तातून मेंदूत आणि मज्जारज्जूत शिरत नाही, म्हणून कमरेतून, मणक्यांमधून द्यावं लागतं. पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा, नंतर दर चार महिन्यांनी.

रिस्डिप्लाम हे दुसरं औषध तोंडाने घ्यायचं, रोज. २०२० मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि २०२१ मध्ये ते भारतात आलं. त्याची करामत मला फार सुंदर वाटते. सातव्या एक्झॉनच्या शेवटी यू१ची जोडी मुळातच ढिली बसते. रिस्डिप्लामचा रेणू त्या जोडीत शिरून तिला घट्ट करतो. थॅलेसेमियाच्या त्या अक्षराने जी जोडी ढिली होते त्याच प्रकारची ही जोडी. इथे मात्र एक छोटा रेणू ती आवळून धरतो.

तिसरा उपचार जनुकाचा, म्हणजे वर्तमानपत्रांनी ज्याला ‘१६ कोटींचं इंजेक्शन’ म्हटलं तो. त्यात स्प्लायसिंगचा प्रश्नच येत नाही. निरुपद्रवी विषाणूच्या कवचातून एसएमएनचा जो मजकूर पेशींत पोचवला जातो, त्यातले मधले इंट्रॉन आधीच काढून टाकलेले असतात. २०२१ च्या सुरुवातीला मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीसाठी देशभरातल्या लोकांनी पैसे जमवले, केंद्र सरकारने आयात शुल्क आणि जीएसटी मिळून सुमारे सहा कोटी माफ केले, आणि एसएमए हा शब्द पहिल्यांदाच घरोघरी पोचला.

वर्गणीवर बाळं वाचवणं ही कायमची व्यवस्था होऊ शकत नाही, आणि हे ठामपणे म्हणायला हवं. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण २०२१ पासून आहे. त्याखाली ठरवून दिलेल्या केंद्रांमध्ये उपचारांसाठी एका रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईतलं केंद्र केईएम. पण आयुष्यभर चालणाऱ्या औषधाला ५० लाख किती पुरणार? रिस्डिप्लामची एक बाटली सहा लाखांच्या घरात होती. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पेटंटच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने हे औषध मुळात बनवणाऱ्या रोश कंपनीची याचिका फेटाळली, आणि नॅटको या भारतीय कंपनीने तेच औषध १५,९०० रुपयांना एक बाटली या दराने बाजारात आणलं. अनेक घरांना हे औषध आता पहिल्यांदाच आवाक्यात दिसू लागलं आहे.

औषध हातात आलं तरी वेळ आपल्या हातात नसते. मेलेली चेतापेशी परत येत नाही. लक्षणं दिसायच्या आधीच, जन्मानंतर पहिल्या सहा आठवड्यांत नुसिनरसेन सुरू केलेल्या २५ बाळांचा एक अभ्यास झाला. सगळी जगली, कुणालाही कायमचा व्हेंटिलेटर लागला नाही, आणि बहुतेक मुलं स्वतःच्या पायांवर चालू लागली. हेच औषध वर्षभराने दिलं असतं तर हे घडलं नसतं. अनेक देशांत प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात एसएमएन१ तपासतात. आपल्याकडे ही तपासणी सरसकट होत नाही. त्यामुळे जबाबदारी येते घरच्यांवर आणि पहिल्यांदा तपासणाऱ्या डॉक्टरांवर. तीन-चार महिन्यांचं बाळ मान धरत नसेल, पाय बेडकासारखे पसरून पडत असेल, श्वास घेताना छातीऐवजी फक्त पोट हलत असेल, तर ‘काही मुलं उशिरा करतात’ असं म्हणत महिने घालवू नका. एसएमएनची चाचणी रक्ताच्या एका नमुन्यावर होते.

राहिला प्रश्न कुटुंबाचा. आईवडील दोघंही धडधाकट असतात, कारण दोघांकडे एसएमएन१ची एकेक चांगली प्रत असते. अशा माणसाला वाहक म्हणतात. साधारण ४० ते ६० माणसांमागे एक जण वाहक असतो. म्हणजे गर्दीच्या वेळी लोकलच्या एका डब्यातही असे दोन-चार जण सहज निघतील, आणि त्यांना याची कल्पनाही नसेल. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आजाराची. ही शक्यता दर वेळी नव्याने मोजायची. ‘पहिल्याला झालं, आता तीन चांगली होतील’ असा हिशेब इथे लागू पडत नाही. पुढच्या गरोदरपणात दहाव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा बारीक नमुना घेऊन किंवा पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजलातून तपासणी करता येते.

वाहक चाचणीलाही मर्यादा आहेत. ती एसएमएन१च्या प्रती मोजते. काही माणसांच्या एका गुणसूत्रावर दोन प्रती आणि दुसऱ्यावर एकही नाही, असं असतं. एकूण बेरीज दोन, म्हणून रिपोर्ट स्वच्छ येतो, पण ते वाहकच. काहींची प्रत जागेवर असते, पण आत कुठेतरी अक्षर बिघडलेलं असतं. तेही मोजणीत सापडत नाही. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट ‘वाहक नाही’ असं म्हणत नाही, ‘वाहक असण्याची शक्यता फार कमी’ असं म्हणतो. घरात आधी आजारी बाळ झालेलं असेल तर त्याचा रिपोर्ट बरोबर न्यावा. त्यावरून नेमकं काय शोधायचं हे प्रयोगशाळेला कळतं.

बाळाच्या मामा-मावशी, काका-आत्यांना, म्हणजे आईवडिलांच्या सख्ख्या भावंडांना, वाहक असण्याची शक्यता निम्मी असते. पण लग्नं जमायची आहेत म्हणून अनेक घरांत आजाराचं नावच दाबून ठेवतात. बहिणीला खरं कारण सांगत नाहीत, ‘ताप आला आणि गेलं’ एवढंच तिच्या कानावर घालतात. तिला सांगायलाच हवं. वाहक असणं हा आजार नाही, त्याने तिची तब्येत बिघडत नाही, लग्नही अडत नाही. तिने मूल होऊ देण्याआधी स्वतःची चाचणी करून घ्यावी, आणि ती वाहक निघाली तर नवऱ्याचीही. नवरा वाहक नसेल तर बाळाला हा आजार होण्याची भीती जवळजवळ उरत नाही. दोघंही वाहक निघाले तर गरोदरपणाआधीच जनुकीय समुपदेशकाशी बोलायला त्यांच्याकडे वेळ असतो.